इटॅलिक: लेखणीचे वळण आणि छापील अक्षराची पाच शतके

इटॅलिक हा रोमन लिपीतला उजवीकडे कललेला, लपेटीच्या वळणाचा टाइप. आजच्या वाचकाला तो बहुधा एखाद्या वाक्यातल्या एकदोन शब्दांपुरता भेटतो. पुस्तकाचे नाव, परभाषेतून आलेला शब्द, वनस्पतीचे शास्त्रीय नाव, गणितातले चलपद किंवा ज्यावर जोर द्यायचा तो शब्द, एवढ्यांसाठीच तो राखून ठेवलेला असतो. जन्मला तेव्हा मात्र त्याचे काम याहून फार मोठे होते. १५०१ मध्ये व्हेनिसमध्ये एक अख्खे पुस्तक त्यात छापले गेले आणि पुढची कित्येक दशके तो स्वतंत्र, मानाचा ग्रंथटाइप होता. उभ्या रोमन टाइपचा सोबती होणे हे त्याच्या वाट्याला नंतर आले. या सगळ्या वाटचालीत त्याचे मूळ लक्षण टिकून राहिले. ते लक्षण कलापेक्षा घडणीत आहे, आणि ती घडण वेगाने लिहिणाऱ्या हाताने दिलेली आहे.

हस्तलिखितातील उगम

चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधले मानवतावादी पंडित प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या शोधात मठांची ग्रंथालये पालथी घालत होते. तिथे सापडलेल्या पोथ्या बहुतेक नवव्या ते बाराव्या शतकांत नकललेल्या, कॅरोलिंजियन वळणाच्या होत्या. गोल, मोकळ्या आणि वाचायला सोप्या अशा या अक्षरापुढे त्या काळचे दाट, टोकदार गॉथिक अक्षर पंडितांना जड वाटू लागले. पोज्जो ब्राच्चोलिनी (१३८०–१४५९) याने जुन्या वळणावरून एक स्वच्छ, उभे पुस्तकी अक्षर घडवले. छापील रोमन टाइपची छोटी अक्षरे पुढे याच घराण्यातून आली.

पोज्जोचा मित्र निक्कोलो निक्कोली (मृत्यू १४३७) हा ग्रंथसंग्राहक होता आणि स्वतःच्या वापरासाठी भराभर नकला उतरवत असे. त्याच्या हातून १४२० च्या दशकात त्याच अक्षराचे वेगवान रूप तयार झाले. वेग आला की अक्षरात काही बदल आपोआप होतात. लेखणी कागदावरून कमी वेळा उचलली जाते, त्यामुळे शेजारची अक्षरे एकमेकांना जोडली जातात. गोल अक्षरे आकसून लंबगोल होतात आणि ओळ उजवीकडे झुकते. दोन मजली छोटा ‘ए’ एका फटक्यात लिहिता येत नाही, म्हणून तो एकमजली होतो. ‘एफ’चा दांडा ओळीखाली उतरतो. उभ्या रेघेच्या माथ्यावर व पायाशी असलेली आडवी पट्टी, म्हणजे सेरिफ, वेगळी काढायला सवड नसते. तिच्या जागी लेखणी कागदाला टेकताना आणि उचलताना उमटलेले छोटे फटकारे येतात. इटॅलिकची आजची ओळख पटवणाऱ्या जवळजवळ सगळ्या खुणा या वेगातून आलेल्या आहेत.

हे वळण लवकरच रोममधल्या पोपच्या दफ्तरखान्यात रुळले. आज्ञापत्रे व पत्रव्यवहार त्यात लिहिला जाऊ लागला आणि दफ्तराचे अक्षर म्हणून त्याला ‘कान्सेल्लारेस्का’ हे नाव पडले. पादुआचा लेखक बार्तोलोमेओ सान्विटो (१४३३–१५११) याने ते ग्रंथलेखनात आणून अतिशय डौलदार केले. कवींच्या छोट्या, हातात धरून वाचायच्या पोथ्या तो या अक्षरात लिहीत असे. श्रीमंत, विद्याव्यासंगी घराण्यांत अशा पोथ्यांना मोठा मान होता. व्हेनिसचे मुत्सद्दी बेर्नार्दो बेम्बो यांच्या संग्रहातही त्या होत्या.

व्हेनिस, १५०१

आल्डस मानुशियस हा मूळचा शिक्षक. ग्रीक ग्रंथ शुद्ध स्वरूपात छापावेत या ध्यासाने त्याने व्हेनिसमध्ये छापखाना काढला आणि १४९५ च्या सुमारास त्याची पुस्तके बाहेर पडू लागली. टाइप घडवण्यासाठी त्याने बोलोन्याचा फ्रांचेस्को ग्रिफो हा कारागीर नेमला. ग्रिफो सोनाराचा मुलगा होता. पोलादावर बारीक कोरीवकाम करण्याचे कसब त्याला घरातूनच मिळाले होते. तरुण पिएत्रो बेम्बोच्या ‘दे एत्ना’ या १४९६ मध्ये छापलेल्या छोट्या पुस्तकासाठी ग्रिफोने कोरलेला रोमन टाइप आजही आदर्श मानला जातो.

ग्रिफोच्या इटॅलिकचे पहिले दर्शन १५०० मध्ये घडले. सिएनाच्या संत कॅथरिन यांच्या पत्रसंग्रहातील लाकडी ठशाच्या चित्रात, संतांच्या हातातील पुस्तकावर व हृदयावर, या टाइपातले मोजके शब्द दिसतात. एप्रिल १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य संपूर्ण या टाइपात छापून निघाले. त्याच वर्षी होरेस, जुव्हेनल, मार्शल आणि पेट्रार्क आले; १५०२ मध्ये दान्ते आला. व्हर्जिलच्या आरंभी आल्डसने तीन ओळींची एक छोटी स्तुती छापली आणि तिच्यात बोलोन्याच्या फ्रांचेस्कोच्या हातांचे ऋण मान्य केले. टाइप कोरणाऱ्याचे नाव पुस्तकात येणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

या पुस्तकांचे नवेपण टाइपइतकेच आकारातही होते. तोवर अभिजात ग्रंथ मोठ्या फोलिओ आकारात, मूळ संहितेभोवती भाष्याची दाटी करून छापले जात. असा ग्रंथ मेजावर ठेवूनच वाचावा लागे. आल्डसने कागदाच्या तावाला तीन घड्या घालून आठ पानांचा, म्हणजे सोळा पृष्ठांचा, ऑक्टाव्हो आकार घेतला. भाष्य पूर्ण वगळले आणि पानावर तीस ओळींची नुसती संहिता ठेवली. धार्मिक प्रार्थनापुस्तके छोट्या आकारात पूर्वीही निघत, पण अभिजात कवी या रूपात देणे ही आल्डसची कामगिरी. या आकाराची कल्पना आपल्याला बेर्नार्दो बेम्बो यांच्या ग्रंथसंग्रहावरून सुचली, असे त्याने १५१४ च्या व्हर्जिलच्या अर्पणपत्रिकेत स्वतःच नोंदवले आहे.

इटॅलिक जागा वाचवण्यासाठी जन्मले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. पण तेवढ्याच आकाराच्या रोमन टाइपात ही पुस्तके छापली असती तरी पाने फारशी वाढली नसती. शिवाय काव्याची प्रत्येक ओळ स्वतंत्र असते. ओळीच्या शेवटी मोकळी जागा उरतेच. आल्डसचा ओढा वेगळ्या गोष्टीकडे होता. जाणकार वाचक ज्या सुंदर हस्तलिखितांवर प्रेम करत, त्यांचे अक्षर आणि त्यांचा सुटसुटीतपणा छापील पुस्तकात उतरावा, अशी त्याची इच्छा होती. आपला वाचक कोण हे त्याने नेमके ओळखले होते: राजकारण, वकिली किंवा मुत्सद्देगिरी करणारा, प्रवासात आणि फावल्या वेळात कवी वाचणारा सुशिक्षित माणूस.

खिळ्यांपुढची अडचण

हाताने सलग लिहिलेले अक्षर सुट्या खिळ्यांत बसवणे सोपे नव्हते. खिळा घडवण्याची कृती अशी: पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे, उठावात कोरायचे, ती कांब कडक करून तांब्याच्या तुकड्यात ठोकायची, त्या खोलगट ठशाला, म्हणजे मातृकेला, साच्यात बसवून शिसे, कथील व अँटिमनी यांचा रस ओतायचा. प्रत्येक खिळ्याचे अंग चौकोनी असते. कललेले अक्षर चौकोनात नीट बसत नाही. ‘एफ’चा माथा उजवीकडे आणि शेपूट डावीकडे अंगाबाहेर जाते. असा बाहेर आलेला नाजूक भाग शेजारच्या खिळ्यावर टेकतो आणि छपाईच्या दाबाखाली तुटतो.

ग्रिफोने यावर जोडाक्षरांचा उपाय काढला. लेखणी जिथे दोन अक्षरे जोडून लिहिते तिथे त्याने ती जोडी एकाच खिळ्यावर कोरली. त्याच्या पहिल्या इटॅलिकमध्ये अशा साठाहून अधिक जोड्या होत्या. त्यामुळे पानावर लेखणीचा ओघ दिसे. जुळाऱ्याला मात्र पुष्कळ जास्त खिळे हाताळावे लागत.

मोठी अक्षरे ग्रिफोने उभीच ठेवली. ती आकाराने लहान, छोट्या अक्षरांच्या वर जाणाऱ्या दांड्यांपेक्षाही ठेंगणी होती. काव्याच्या प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर असे उभे, ठेंगणे आणि पुढच्या शब्दापासून थोडे सुटे ठेवलेले असे. ही रीतही सान्विटोच्या धर्तीच्या हस्तलिखितांतली होती. टाइपचा कल अगदी थोडा होता. आजच्या अनेक इटॅलिकांपेक्षा ते अक्षर उभे वाटते.

नकला आणि हक्काचा वाद

नव्या टाइपला मागणी येताच नकला सुरू झाल्या. व्हेनिसच्या सिनेटने १५०२ मध्ये आल्डसला या टाइपचा दहा वर्षांचा एकाधिकार दिला आणि पोपनेही संरक्षण दिले. पण व्हेनिसच्या हद्दीबाहेर, विशेषतः फ्रान्समधील ल्योंमध्ये, त्याला कोणी जुमानत नव्हते. तिथल्या मुद्रकांनी तोच आकार, तेच कवी आणि जवळजवळ तसाच टाइप घेऊन पुस्तके काढली. मार्च १५०३ मध्ये आल्डसने एक जाहीर इशारा छापला. ल्योंच्या प्रतींना वाईट वास येणारा हलका कागद वापरलेला आहे आणि मजकुरात अमुक अमुक चुका आहेत, असे त्यात त्याने तपशीलवार सांगितले.

आल्डस आणि ग्रिफो यांचेही फाटले. टाइपवरचा एकाधिकार छापखान्याच्या मालकाला मिळाला होता. ज्याने तो कोरला त्याला आपलाच टाइप दुसऱ्याला विकण्याची मुभा उरली नाही. ग्रिफो व्हेनिस सोडून फानो येथे ज्यू मुद्रक गेर्शोम सोन्चिनो याच्याकडे गेला. सोन्चिनोने १५०३ मध्ये पेट्रार्कची आवृत्ती काढली आणि तिच्या अर्पणपत्रिकेत आल्डसने वापरलेले सारे टाइप ग्रिफोच्याच हातचे आहेत, असे स्पष्ट लिहिले. अक्षराचा कर्ता कोण, कोरणारा की छापणारा, हा मुद्रणाच्या इतिहासातला पुढे अनेकदा उठलेला प्रश्न इथे पहिल्यांदा इतक्या उघडपणे मांडला गेला. ग्रिफोने १५१६ मध्ये बोलोन्यात स्वतःची छोटी पुस्तके छापायला सुरुवात केली, पण दोनएक वर्षांतच त्याचा माग हरवतो.

आरिगीचा डौल

इटॅलिकचे दुसरे मोठे घराणे रोममध्ये जन्मले. लुडोव्हिको देग्ली आरिगी हा पोपच्या दफ्तरखान्यातला लेखनिक होता. विचेन्त्साजवळचा म्हणून त्याला विचेन्तिनो म्हणत. ‘ला ओपेरिना’ ही त्याची पुस्तिका कान्सेल्लारेस्का अक्षर शिकवणारी होती. तिच्यावर १५२२ हे साल आहे. तिची पाने लाकडी ठशांवर कोरून छापलेली होती. सामान्य शिकाऱ्याला घरबसल्या हे वळण गिरवता यावे म्हणून छापलेल्या पुस्तिकांत ती अगदी सुरुवातीची.

१५२४ मध्ये आरिगीने एका सोनाराच्या साहाय्याने छापखाना सुरू केला. त्याचे इटॅलिक ग्रिफोच्या इटॅलिकहून निराळे होते. वर जाणारे व खाली उतरणारे दांडे लांब, टोके डौलाने वळलेली, ओळींमध्ये भरपूर अंतर. ग्रिफोचा आदर्श रोजच्या वापरातले वेगवान विद्वत्लेखन होते. आरिगीचा आदर्श सावकाश, समारंभाने लिहिलेले राजपत्र. जोडाक्षरे त्याने फार कमी केली, कारण लेखणीचा ओघ त्याने प्रत्येक अक्षराच्या आकारातच साधला होता. कवी व व्याकरणकार त्रिस्सिनो याच्या लेखनसुधारणेसाठी काही नवी अक्षरेही त्याच्या टाइपात घडवली गेली. १५२७ मध्ये रोमची लूट झाली आणि त्यानंतर आरिगीचे नाव कुठे आढळत नाही. त्याचा एक टाइप मुद्रक आन्तोनियो ब्लादो पुढे अनेक वर्षे वापरत राहिला.

स्वतंत्र टाइप ते सोबती

१५२० ते १५५० या काळात इटॅलिक युरोपभर पसरले. बाझेलमध्ये योहान फ्रोबेन आणि पॅरिसमध्ये सिमाँ द कोलीन यांनी ते स्वीकारले. या टप्प्यावर इटॅलिक आणि रोमन या दोन स्वतंत्र जाती होत्या. पुस्तक या तरी टाइपात छापले जाई, नाही तर त्या. काव्य इटॅलिकमध्ये, गद्य रोमनमध्ये अशी पसंती हळूहळू दिसू लागली. नंतर एकाच पुस्तकात दोन्ही आले, पण वेगवेगळ्या भागांत: प्रस्तावना व अर्पणपत्रिका इटॅलिकमध्ये, मुख्य संहिता रोमनमध्ये, किंवा मूळ वचन एका टाइपात, त्यावरचे भाष्य दुसऱ्यात. एकाच ओळीत दोन्ही टाइप शेजारी बसणे ही त्यानंतरची पायरी.

एका ओळीत बसायचे तर दोघांचा मेळ जमायला हवा. छोट्या अक्षरांची उंची सारखी, रेघांची जाडी सारखी आणि मोठी अक्षरेही कललेली असावी लागतात. हे काम प्रामुख्याने फ्रेंच कारागिरांनी केले. त्यांत रोबेर ग्रांजाँ (१५१३–१५९०) सर्वांत पुढे होता. पॅरिस, ल्यों, अँटवर्प आणि रोम अशा ठिकाणी काम करत त्याने इटॅलिकचे अनेक नमुने कोरले. त्याच्या अक्षराला ठळक कल, चपळाई आणि लेखणीचा जोम आहे. क्लोद गारामाँचा रोमन आणि ग्रांजाँचा इटॅलिक ही जोडी मुद्रकांनी इतकी पसंत केली की आज ‘गॅरमंड’ नावाने मिळणाऱ्या कित्येक टाइपांतले इटॅलिक मुळात ग्रांजाँचे असते. अँटवर्पच्या क्रिस्तोफ प्लाँताँ याच्या छापखान्यात त्याचे ठसे व मातृका जमा झाल्या. तो छापखाना आता प्लँटिन-मोरेटस संग्रहालय म्हणून जतन केलेला असून २००५ मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

उपयोगांची घडण

दोन टाइप शेजारी आल्यावर त्यांच्यातल्या फरकाला अर्थ मिळू लागला. हे अर्थ कोणी एकाने ठरवले नाहीत. वेगवेगळ्या विद्याशाखांनी आपापल्या गरजेतून ते घडवले.

बायबलच्या भाषांतरकारांची गरज प्रामाणिकपणाची होती. हिब्रू किंवा ग्रीक मुळात नसलेला, पण वाक्य पुरे होण्यासाठी घालावा लागलेला शब्द वाचकाला ओळखता यावा म्हणून १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये असे शब्द इटॅलिकमध्ये छापले गेले. १६११ च्या किंग जेम्स बायबलचा मूळ टाइप गॉथिक असल्याने तिथे या शब्दांसाठी लहान रोमन टाइप होता. पुढच्या रोमन आवृत्त्यांत त्या जागी इटॅलिक आले. नाटकांत बोलण्याचे शब्द आणि रंगसूचना वेगळ्या दिसायला हव्यात. शेक्सपिअरच्या १६२३ च्या संग्रहात रंगसूचना, पात्रांची नावे आणि संवादांतली विशेषनामे इटॅलिकमध्ये आहेत.

गणितात देकार्तच्या १६३७ च्या भूमितीग्रंथात राशींसाठी इटॅलिक छोटी अक्षरे आहेत. ही प्रथा पुढे इतकी दृढ झाली की आज तिचा आंतरराष्ट्रीय संकेत बनला आहे: राशी इटॅलिकमध्ये आणि एकके उभ्या अक्षरांत. त्यामुळे एकाच समीकरणात कललेला ‘एम’ वस्तुमान दाखवतो आणि उभा ‘एम’ मीटर, आणि घोटाळा होत नाही. जीवशास्त्रात लिनियसच्या १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात जातिवाचक नावे समासात इटॅलिकमध्ये दिलेली आहेत. आंब्याचे मँजिफेरा इंडिका हे नाव याच ग्रंथातले. प्रजाती व जाती यांची लॅटिन नावे इटॅलिकमध्ये छापण्याचा आजचा जगभरचा शिरस्ता त्या परंपरेतून आला.

याखेरीज पुस्तके, नियतकालिके, जहाजे व चित्रे यांची नावे, न्यायालयीन खटल्यांची नावे आणि परभाषेतले शब्द यांसाठी इटॅलिक रूढ झाले. जोर देण्यासाठीही ते फार सोयीचे ठरले, कारण त्याचा पानावर डाग पडत नाही. ठळक टाइप पान उघडताच नजर ओढून घेतो. इटॅलिक वाचता वाचता त्या शब्दापाशी पोहोचल्यावरच जाणवते. सबंध उतारा इटॅलिकमध्ये असेल तर जोराचा शब्द उलट रोमनमध्ये छापतात. म्हणजे अर्थ कलात नाही, दोन रूपांतल्या भेदात आहे.

नियमितपणाचे शतक

सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या राजाने शाही छापखान्यासाठी नवा टाइप करवून घेतला. त्याचा आराखडा विद्वानांच्या समितीने चौकटींच्या जाळ्यावर आखला होता. इटॅलिकसाठी तेच जाळे तिरके केले गेले. कोरणाऱ्या फिलिप ग्रांजाँने हा आराखडा स्वतःच्या नजरेने सौम्य केला, तरी लेखणीऐवजी भूमिती हा आदर्श इथून पुढे आला. पिएर-सिमाँ फुर्निए (१७१२–१७६८) याने इटॅलिकला रोमनच्या आणखी जवळ नेले. कल सर्वत्र सारखा, रेघा सारख्या, माथ्यावरची टोके रोमन सेरिफांसारखी असे त्याचे रूप होते.

इंग्लंडमध्ये विल्यम कॅसलनच्या १७३४ च्या नमुनापत्रकातील इटॅलिक जुन्या डच परंपरेतले, थोडे अनियमित आणि म्हणूनच जिवंत आहे. बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल (१७०६–१७७५) तरुणपणी लेखनाचा शिक्षक होता. १७५७ च्या व्हर्जिलपासून त्याने वापरलेल्या इटॅलिकमध्ये टोकदार लवचीक टाकाचे वळण दिसते. काही मोठ्या अक्षरांना त्याने मोहक लपेट दिली. पार्मा येथील जाम्बातिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) याच्या टाइपात जाड व बारीक रेघांतला फरक टोकाला गेला आणि इटॅलिकही त्याच शिस्तीत बसले.

यंत्रयुग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खिळे जुळवणारी यंत्रे आली आणि त्यांनी इटॅलिकवर नवे बंधन घातले. लायनोटाइप यंत्रात एकाच मातृकेवर रोमन आणि इटॅलिक अशी दोन रूपे असत. त्यामुळे दोघांची रुंदी एकच ठेवावी लागे. स्वभावतः अरुंद असलेले इटॅलिक ताणून रुंद करावे लागले आणि अंगाबाहेर जाणारा ‘एफ’ आखडून घ्यावा लागला. यान चिखोल्डने केलेला सबोन हा १९६७ चा टाइप हे बंधन पाळूनही देखणा राहिला. त्यात रोमन आणि इटॅलिक समान रुंदीचे आहेत. मोनोटाइप यंत्रात प्रत्येक अक्षर सुटे ओतले जाई आणि ही अडचण कमी होती.

ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीने स्टॅनली मॉरिसनच्या सल्ल्याने जुन्या टाइपांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. १९२३ मध्ये ब्लादोचे इटॅलिक आले. फ्रेडरिक वॉर्डने १९२५ मध्ये आरिगीच्या धर्तीवर घडवलेला टाइप पुढे ब्रूस रॉजर्सच्या सेंटॉर या रोमन टाइपला जोडला गेला. १९२९ मध्ये ‘दे एत्ना’वरून बेम्बो तयार झाला, त्याच्या इटॅलिकसाठी व्हेनिसचा लेखनशिक्षक ताल्येन्ते याच्या परंपरेचा आधार घेतला गेला.

याच काळात मॉरिसनने एक धाडसी मत मांडले. १९२६ मधील ‘आदर्श इटॅलिककडे’ अशा आशयाच्या निबंधात त्याचे म्हणणे होते, की इटॅलिक आता सोबती आहे, तर त्याने लेखणीच्या लकबी टाकाव्यात आणि केवळ कललेला रोमन व्हावे. यान व्हान क्रिम्पेनने १९३१ च्या रोम्युलस टाइपात हे तत्त्व अमलात आणले. एरिक गिलच्या पर्पेचुआचा इटॅलिकही आरंभी त्याच दिशेने आखला गेला, पण अखेरच्या रूपात काही अक्षरांना लेखणीचे वळण ठेवावे लागले. नुसता कललेला रोमन ओळीत पुरेसा वेगळा दिसत नाही आणि त्याच्या रेघाही तोल हरवतात, असा अनुभव आला. मॉरिसनच्याच देखरेखीखाली १९३२ मध्ये आलेल्या टाइम्स न्यू रोमनचे इटॅलिक परंपरागत वळणाचे आहे. हेर्मान झाफचा १९५० च्या सुमाराचा पॅलाटिनो तर एका लेखनशिक्षकाचेच नाव मिरवतो.

संगणकावर

संगणकाने खिळ्याच्या चौकोनी अंगाचे बंधन संपवले. अक्षर कितीही बाहेर जाऊ शकते आणि जोडाक्षरे आपोआप येतात. ग्रिफोला पोलादात जे कष्टाने साधावे लागले ते आता फाँटच्या नियमांत लिहिता येते. दुसरीकडे एक नवा धोका आला. फाँटमध्ये इटॅलिक नसेल तर बरेच सॉफ्टवेअर उभ्या अक्षरालाच गणिताने तिरके करते. त्यात गोल अक्षरे फुगतात आणि रेघांची जाडी बिघडते. घडवलेले इटॅलिक आणि तिरके केलेले अक्षर हा भेद आता तांत्रिक मानकांतही मान्य झाला आहे: २०१६ मध्ये आलेल्या बदलत्या रूपांच्या फाँटांच्या मानकात इटॅलिक आणि कल यांसाठी दोन स्वतंत्र अक्ष आहेत.

देवनागरीचा प्रश्न

इटॅलिकचा जन्म घडवणारी परिस्थिती मराठीतही होती. पुस्तकी, सुटे बाळबोध अक्षर आणि दफ्तराचे वेगवान मोडी अक्षर अशी जोडी महाराष्ट्रात अनेक शतके नांदली. आधी पानभर आडवी रेघ ओढून, मग बोरू शक्य तितका कमी उचलत मोडी लिहिली जाई. मोडी छापण्याचे प्रयत्नही झाले. विल्यम केरीचे १८०५ चे मराठी व्याकरण देवनागरीत छापले गेले, तर त्याच्या १८१० च्या मराठी कोशासाठी श्रीरामपूरला मोडी खिळे वापरले गेले. पुढे मुंबईच्या छापखान्यांनी बाळबोधच उचलली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव दिले, त्याने ही निवड पक्की केली. मोडी दफ्तरात, पत्रव्यवहारात आणि शाळांतील वळणात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राहिली. छापील पानावर ती बाळबोधीच्या शेजारी एका ओळीत बसली नाही. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये तिला स्थान मिळाले ते स्वतंत्र लिपी म्हणून.

म्हणून मराठी मुद्रणाने वेगळे उपाय रूढ केले. ग्रंथांची नावे एकेरी अवतरणचिन्हांत येतात, जोराचा शब्द ठळक टाइपात येतो, उतारे लहान टाइपात किंवा आत सरकवून छापतात. आर. के. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला मंगल हा फाँट वर्षानुवर्षे मराठी संगणकांवर होता. त्यात साधे आणि ठळक अशी दोनच रूपे आहेत. इटॅलिकची कळ दाबली की पडद्यावर दिसते ते गणिताने तिरके केलेले मंगल.

असे तिरके करणे देवनागरीला रोमनपेक्षाही कमी मानवते. शिरोरेषा आडवीच राहते आणि तिच्याखाली काने, वेलांट्या व मात्रा ओढल्यासारख्या होतात. शिवाय देवनागरीच्या बोरूची जीभ रोमन टाकाच्या उलट बाजूने छाटलेली असते, त्यामुळे जाड व बारीक रेघांच्या जागाही वेगळ्या येतात. अलीकडे टिरो देवनागरी मराठीसारख्या फाँटांतून साध्या रूपाबरोबर इटॅलिकही दिले जाते. इंग्रजीतून आलेल्या शास्त्रीय व संदर्भग्रंथांच्या भाषांतरात, जिथे ठळक टाइप आणि अवतरणचिन्हे अपुरी पडतात, तिथे अशा रूपाचा उपयोग आहे.

पाच शतकांचा अनुभव अशा कामाला दिशा देतो. ग्रिफो, आरिगी आणि रोबेर ग्रांजाँ यांची अक्षरे टिकली, कारण त्यांचा पाया प्रत्यक्ष लिहिणाऱ्या हातात होता. भूमितीने किंवा यंत्राच्या सोयीने हा पाया सोडला तेव्हा इटॅलिकचे तेज कमी झाले आणि प्रत्येक वेळी कारागीर पुन्हा हस्तलिखिताकडे वळले. देवनागरीचा स्वतःचा सोबती टाइप घडायचा असेल तर त्याचा आधारही बोरूच्या वेगवान लेखनात, बाळबोधीच्या जलद हातवळणात आणि मोडीच्या दफ्तरांत शोधावा लागेल. तो साठा महाराष्ट्रातील पुराभिलेखागारांत विपुल आहे.